हद्द

परभणीच्या वसमत रोडने निघालं की पुढे हिंगोली लागते. १ मे १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. निजामाच्या राज्यात तिथे हैदराबाद कंटिन्जंटची मोठी लष्करी छावणी होती आणि सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक व्यापारी राहत होता. बाजारात त्याला पत होती आणि गोरे अधिकारीही त्याच्याकडून माल घेत. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. मुंबईहून कापड यायचं होतं, ते वाटेत अडू नये एवढीच विनंती होती. परवाना मिळाला.

कापड खरोखरच मुंबईहून निघालं होतं, पण ते हरीसिंगचं नव्हतं. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी स्वतःचा माल घेऊन घराकडे येत होता. हरीसिंगला त्याची खबर होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं, रेनॉल्ड्सचा परवाना दाखवत माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड्यावर विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली म्हणून हे कळलं. एरवी कधीच कळलं नसतं.

ही हकिकत निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने लिहून ठेवली आहे, १८३९ साली निघालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या त्याच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत. टेलरचाही हरीसिंगशी व्यवहार होता. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली माणसं उकरून काढली, तेव्हा टेलर तिथे उभा होता. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत होते.

देशोदेशींच्या पोलिसांनी मिळून गुन्हे कसे उलगडावेत, या विषयावर लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा आठवला तो हा हरीसिंग. त्याची खरी ताकद हद्दीत होती. कापड कंपनी सरकारच्या मुंबईहून निघालं, निजामाच्या मुलखात पोचलं आणि वाटेत कितीतरी जहागिरी, जमीनदाऱ्या लागल्या. माणूस नाहीसा झाला तर फिर्याद कुणाकडे करायची? मुंबईहून तो सुखरूप निघाला होता आणि घरी तो पोचलाच नव्हता. मधल्या रस्त्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

‘हद्द’ हा शब्द पोलीस ठाण्यात जितक्या वेळा ऐकू येतो तितका बाहेर क्वचितच ऐकू येत असेल. चोरी कुणाच्या हद्दीत झाली, प्रेत पुलाच्या कोणत्या बाजूला सापडलं, यावर फिर्यादीने दिवस दिवस घालवलेले आहेत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायचं बंधन घातलं आहे. तरी मनातली हद्द जायला वेळ लागतो. आपल्याकडे तडीपारी ही आजही मोठी कारवाई मानली जाते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. गुन्हेगार हद्दीबाहेर गेला की गुन्हाही गेला, हा तिच्यामागचा विश्वास. पण ज्याने आयुष्यात परभणी पाहिलेली नाही असा माणूस इथल्या निवृत्त शिक्षकाला फोनवरून फसवत असेल, तर त्याला कुठून तडीपार करणार?

हरीसिंगसारख्या ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने १८३६ साली तिसावा कायदा केला. ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप. ती टोळी कंपनीच्या मुलखातली असो की मुलखाबाहेरची, आणि कायद्याआधीची असो की नंतरची. हद्द ओलांडून हात पोचवणारा हिंदुस्थानातला हा फार जुना कायदा. ठगांविरुद्धची मोहीम चालवणाऱ्या विल्यम स्लीमनच्या हाताखाली माहिती एका ठिकाणी जमा होऊ लागली. एका माफीच्या साक्षीदाराने सांगितलेली नावं दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहिली जाऊ लागली. ठगांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. आज इंटरपोल संगणकावर जे करतो, त्याच्या पाठीमागची कल्पना हीच आहे. कडी जुळवायची असेल तर सगळ्यांची माहिती एका जागी यायला हवी.

पण याची किंमतही आपल्याच माणसांनी मोजली. कुणी काय केलं यापेक्षा तो कुणातला आहे, हे पाहायची सवय त्या कायद्याने सरकारी यंत्रणेला लावली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवून टाकलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या खऱ्या, पण मराठवाड्यातल्या पारधी वस्तीवर चोरीनंतरची पहिली धाड आजही पडते. त्यामुळे पोलिसांचा हात लांब झाला पाहिजे असं मी म्हणतो, तेव्हा तो हात कुणाच्या गळ्याशी पोचतो हेही विचारत राहणं मला भाग वाटतं.

आता पुण्याला येऊ. कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, मराठी मध्यमवर्गाच्या ठेवींवर वाढलेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारची दुपार. जगातल्या २८ देशांतल्या एटीएम यंत्रांपुढे माणसं उभी राहिली. त्यांच्या हातात कॉसमॉसच्या खातेदारांच्या कार्डांच्या नकला होत्या. काही तासांत सुमारे बारा हजार व्यवहारांतून परदेशात ७८ कोटी रुपये निघाले. भारतात २,८४९ व्यवहारांतून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, बँकेच्या परदेशी व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. म्हणजे २८ देशांत पसरलेल्या चोरीची फिर्याद अखेर एका ठाण्याच्या हद्दीत येऊन बसली.

ही चोरी कशी झाली, ते नीट समजून घ्यायला हवं. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते तुमच्या बँकेला विचारतं, या खात्यात एवढे पैसे आहेत का, देऊ का? हा प्रश्न घेणारी आणि बँकेच्या मूळ हिशेबाशी ताडून उत्तर देणारी यंत्रणा म्हणजे स्विच. चोरांनी मालवेअर घुसवून त्या स्विचच्या जागी स्वतःचा खोटा स्विच उभा केला. मग जगातल्या कुठल्याही यंत्राने विचारलं, देऊ का, की खोटा स्विच म्हणायचा, दे. मूळ हिशेबापर्यंत तो प्रश्न पोचतच नव्हता. खातेदारांची खाती शाबूत होती, लुटली गेली ती बँक. रेनॉल्ड्सच्या परवान्यासारखंच हे. ‘जाऊ द्या’ असं सांगणारी सही जिच्यावर विश्वास ठेवावा अशीच दिसत होती.

या दरोड्याच्या एकच दिवस आधी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की नकली कार्डांनी जगभर एकाच वेळी एटीएम रिकामी करण्याचा बेत शिजतो आहे. आदल्या दिवशी दिलेली खबर पुण्यातल्या बँकेला वाचवू शकली नाही. पोलिसांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल बोलताना आपण नेहमी आरोपीला विमानातून उतरवण्याचं चित्र रंगवतो. माझ्या मते त्याची खरी कसोटी इथे असते. एका देशाला कळलेली गोष्ट दुसऱ्या देशातल्या शनिवारी कामावर असलेल्या माणसापर्यंत किती तासांत पोचते?

तपास दोन दिशांना गेला. एक दिशा खाली, आपल्याकडे. कोल्हापुरातल्या एटीएममधून नकली कार्डांनी सुमारे नव्वद लाख काढले होते. कॅमेऱ्यातली चित्रं आणि मोबाइलचे टॉवर जुळवत पोलीस एकेकापर्यंत पोचले. पकडलेल्यांत औरंगाबादचे, भिवंडीचे तरुण होते, नांदेड जिल्ह्यातलाही होता. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. नांदेड म्हणजे परभणीहून पूर्णा जंक्शनमार्गे तासा-दीड तासाचा रस्ता. आमच्याच भागातली विशीतली पोरं. खोट्या स्विचची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांना कार्डं दिली गेली, यंत्र दाखवलं गेलं, वाटा ठरवला गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या.

दुसरी दिशा वर जात होती. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ मंडळाने आपल्या अहवालात कॉसमॉसच्या दरोड्याचा माग उत्तर कोरियापर्यंत नेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या तिघांवर आरोप जाहीर केले. त्याच वेळी कॅनडातल्या एका माणसाने पैसे धुवून देण्याचा गुन्हा कबूल केला. पाकिस्तानातली बँक इस्लामी आणि भारतातली एक बँक यांच्या एटीएममधून उपसलेले पैसे त्याच्या हाताखालच्या टोळ्यांनी फिरवले होते. त्याला अमेरिकेत अकरा वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. हाँगकाँगला गेलेल्या रकमेतले काही कोटी गोठवता आले आणि पुढे परतही आणता आले.

तेव्हा हिशेब असा आहे. एटीएमसमोर उभा राहणारा सापडला. मधला सापडला, पण तो दुसऱ्या देशाच्या न्यायालयात उभा राहिला. ज्यांच्यावर मूळ आरोप आहे ते प्योंगयांगच्या हद्दीत आहेत आणि तिथे कुणाचं वॉरंट चालत नाही. उत्तर कोरिया इंटरपोलचा सदस्य नाही. ढाक्याच्या बांगलादेश बँकेचंही फेब्रुवारी २०१६ मध्ये असंच झालं. न्यूयॉर्कमधल्या खात्यातून दहा कोटी दहा लाख डॉलर काढले गेले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चुकल्याने अडकले. उरलेले आठ कोटी दहा लाख फिलिपाइन्सच्या जुगारघरांत शिरले आणि त्यातला लहानसाच भाग परत आला.

परभणीच्या तपास अधिकाऱ्याला परदेशातून काही हवं असेल तर तो काय करतो? इंटरपोल म्हणजे जगाचे पोलीस, बंदूक घेऊन कुठेही जाणारे, असं सिनेमाने आपल्याला शिकवलं आहे. प्रत्यक्षात इंटरपोलचा एकही शिपाई कुणाला अटक करत नाही. फ्रान्समधल्या लिऑनला मुख्यालय असलेली ती १९६ देशांची निरोपांची व्यवस्था आहे. रेड नोटीस म्हणजेही अटक वॉरंट नव्हे. हा माणूस आम्हाला हवा आहे, दिसला तर तुमच्या कायद्याप्रमाणे धरून ठेवा, ही ती विनंती. मानायची की नाही, हे समोरचा देश ठरवतो. बेपत्ता माणसासाठी पिवळी, ठावठिकाणा विचारायला निळी, अनोळखी मृतदेहासाठी काळी, आणि जानेवारी २०२५ पासून, गुन्ह्यातली मालमत्ता शोधायला प्रायोगिक तत्त्वावर चंदेरी. मला यातली काळी नोटीस सर्वांत माणुसकीची वाटते. परक्या मुलखात मेलेल्याला त्याचं नाव परत मिळावं, एवढंच ती मागते.

भारतात हा निरोप सीबीआयमार्फत जातो. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक राज्याच्या संपर्क अधिकाऱ्याला लिहितात, तो दिल्लीला, दिल्ली लिऑनला किंवा त्या देशाला. अलीकडेपर्यंत हे सगळं पत्रं, ईमेल आणि फॅक्सवर चालत असे. ७ जानेवारी २०२५ ला ‘भारतपोल’ हे पोर्टल सुरू झालं आणि जिल्ह्याची विनंती थेट त्यावर चढवण्याची सोय झाली. पुराव्याची गोष्ट वेगळी. बँकेचं खातं, कंपनीची कागदपत्रं, साक्षीदाराचा जबाब हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली न्यायालयाकडून विनंतीपत्र काढावं लागतं. ते गृह मंत्रालयातून बाहेर पडतं, त्या देशाच्या भाषेत भाषांतरित होतं, तिथल्या न्यायाधीशापुढे जातं. पैसा मिनिटांत देश बदलतो आणि कागदाला महिने लागतात. ही दरी मला फार टोचते, कारण तिच्यात पडणारा माणूस पाथरीचा, सेलूचा, गंगाखेडचा असतो. त्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे त्या कागदाची वाट पाहत बसत नाहीत.

कागद हळू चालतो त्याला एक बरं कारणही आहे, आणि ते मराठवाड्याला तरी कुणी समजावून सांगायला नको. ३० जानेवारी १९४८ ला आजच्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. लुटणारे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले सैनिक. वऱ्हाडच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून ते आले आणि वीस लाखांहून अधिक रक्कम घेऊन हद्दीपलीकडे परतले. निजामाच्या पोलिसांच्या दफ्तरात हा दरोडा होता, परराज्यात पळालेल्या टोळीने घातलेला. आमच्या घरांत ती अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. निजामाच्या करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळणारेही तसेच. तेव्हा निजामाने त्यांच्या नावाची रेड नोटीस मागितली असती तर?

इंटरपोलच्या घटनेतलं तिसरं कलम याच प्रश्नावर उभं आहे. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कोणत्याही प्रकरणात संघटनेने हात घालायचा नाही. हा धडा तिला महागात शिकावा लागला. १९२३ साली व्हिएन्नात तिची सुरुवात झाली आणि १९३८ मध्ये ऑस्ट्रियासोबत तीही नाझींच्या हाती गेली. १९४० मध्ये नाझी पोलीस यंत्रणेतला राइनहार्ड हायड्रिख तिचा अध्यक्ष झाला आणि पुढे कार्यालय बर्लिनला हललं. देशोदेशीच्या पोलिसांनी विश्वासाने दिलेली माहिती गेस्टापोच्या शेजारी जाऊन बसली. १९४६ मध्ये ब्रुसेल्सला ती पुन्हा उभी केली गेली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही हौसेने म्हणतो. त्या जर्मनीच्या इतिहासातलं हे पानही परभणीकराला ठाऊक असावं.

म्हणूनच आरोपी सोपवताना देश अटी घालतात. १९९३ च्या मुंबई स्फोटांतला अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला, तो भारताच्या हाती आला नोव्हेंबर २००५ मध्ये. फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही, हा शब्द भारताने पोर्तुगालला दिला होता. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा शब्द सरकारला पाळावा लागेल. अनेकांना ते रुचलं नाही. पण दिलेला शब्द मोडणाऱ्या देशाला पुढचा आरोपी कोण देईल?

परभणीचं नावही अशा तपासात आलं आहे. जुलै २०१६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने शहरातल्या एका तरुणाला अटक केली. दहशतवादी संघटनेच्या सीरियातल्या म्होरक्याशी तो इंटरनेटवरून बोलत होता, असा आरोप. प्रकरण राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेलं आणि २०२२ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली. गुन्हा केला त्याला शिक्षा झाली, ते योग्य झालं. पण सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला दर फेब्रुवारीत सगळ्या जातिधर्मांची माणसं जिथे जमतात, त्या शहरातल्या कितीतरी घरांनी त्यानंतर भाड्याने खोली मागताना आपलं नाव दबक्या आवाजात सांगितलं आहे. १८३६ च्या कायद्याने लावलेल्या त्या सवयीची सावली ती हीच.

आता रोजचा गुन्हा वेगळाच आहे. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीने २२ हजार ८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. फोनवर वर्दीतला माणूस दिसतो, मागे कार्यालय दिसतं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत म्हणून सांगतो. तो वर्दीतला माणूस कदाचित म्यानमारमधल्या म्यावाडीजवळच्या कुंपणबंद वसाहतीत बसलेला असतो आणि कदाचित तोही आपल्याकडचाच फसवून नेलेला मुलगा असतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेतात, नदी ओलांडून देतात आणि पासपोर्ट काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सॉटहून ५४९ भारतीयांना परत आणलं. नंतर महाराष्ट्र सायबरनेही म्यानमारमधून साठेक जणांना सोडवलं आणि त्यांना पाठवणाऱ्या एजंटांना अटक केली. परत आलेल्यांना आरोपी म्हणायचं की पीडित, हे एकेकाची कहाणी ऐकूनच ठरवावं लागेल. विमानतळावर रांगेत उभं करून ते ठरत नाही.

या साखळीची आपल्याकडची कडी म्हणजे भाड्याने दिलेलं खातं. काही हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकणारी पोरं. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसाने नेलं, पोलीस भरतीची जाहिरात निघत नाही, अशा गावात खातं मागणारा माणूस देवासारखा वाटतो. लुटीचा पैसा आधी या खात्यात येतो, मग दहा खात्यांत फुटतो, मग देशाबाहेर जातो. तो देशात आहे तोवरच धरता येतो. म्हणून सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात केलेला फोन लिऑनच्या सगळ्या नोटिसांपेक्षा जास्त पैसे वाचवतो. आणि पहिल्या तासात आपल्याकडचा माणूस काय करतो? लाजेने गप्प बसतो. लोक काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल. दोन दिवसांनी मेहुण्याला सांगतो, तिसऱ्या दिवशी ठाण्याची पायरी चढतो. तिथे त्याला कुणी ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ असं विचारू नये, असं मला मनापासून वाटतं. पुण्यातली बँक फसली, बांगलादेशची मध्यवर्ती बँक फसली.

हिंगोलीजवळच्या त्या मारल्या गेलेल्या व्यापाऱ्याकडे मन पुन्हा वळतं. मुंबईहून कापड घेऊन निघाला तेव्हा घरी निरोप गेला असेल, अमुक दिवशी पोचतो. तो दिवस गेला असेल, पुढचा बाजार गेला असेल. घरच्यांनी कुणाला विचारलं असेल? कदाचित त्यांच्यातलंच कुणी हिंगोलीच्या छावणीत चौकशीला आलं असेल आणि पत असलेला व्यापारी म्हणून हरीसिंगच्याच दुकानी टेकलं असेल, त्याच कापडाच्या गठ्ठ्यांपुढे. टेलरने हरीसिंगचं नाव लिहिलं, रेनॉल्ड्सचं लिहिलं. त्या व्यापाऱ्याचं नाव त्याच्या पुस्तकात नाही.